मोटारीचं बटण आणि आक्कांचा वर्ग

पत्रक लिहिताना पहिल्या ओळीतच शत्रूकडे बोट दाखवायचं असतं. मला दुसरं काही फारसं लिहिता येत नाही, तेवढं येतं. बेळगावच्या एका छापखान्यात उभ्याउभ्या मी कितीतरी पत्रकं लिहिली आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत कुणी ना कुणी सापडलाच. सरकार, सावकार, वखारवाला, नाहीतर आपल्या ताटापलीकडे न बघणारा शहाणा माणूस. ही हकिगत मात्र अशी आहे की तिच्या पहिल्या ओळीत कुणाला उभं करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून ती पत्रकात गेली नाही.

मी अनगोळचा, शेतकऱ्याच्या घरातला. लढाईच्या दिवसांत बेळगावच्या कॅम्पात लष्करी मोटारी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात लागलो. सांब्र्याला विमानांचं मैदान होत होतं, तिकडे खडी आणि सामान नेणारे ट्रक आमच्याकडे मोडून यायचे. मला वायरिंगवर घातलं होतं. दिव्यांच्या, भोंग्यांच्या, बॅटरीच्या तारा. गोऱ्या सार्जंटाच्या शिव्या खात मी ते काम शिकलो आणि चांगलं शिकलो. लढाई संपली तशी आम्हाला एका सकाळी फाटकाबाहेर उभं केलं आणि जा म्हणून सांगितलं. इतकी वर्षं राबवून घेतलं, पण जाताना कुणी पाणी घेतोस का म्हणून विचारलं नाही. तिथून माझं पत्रकांचं आयुष्य सुरू झालं.

निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या वखारी आहेत. त्यांत बायका तंबाखू चाळतात, निवडतात, कुटतात. आत शिरलात तर पहिल्या श्वासालाच ठसका लागतो. बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या खाटात, त्या उग्र धुरळ्यात, बसतात. सूर्य उगवायच्या आधी घरातून निघतात आणि तो मावळल्यावर घरी येतात. यावर मी एक पत्रक काढलं, माझ्या मते जळजळीत होतं. सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो आणि वखारीच्या दारात उभा राहून प्रत्येकीच्या हातात एकेक देऊन घोषणा द्यायला सांगितलं.

तिथंच आक्का भेटल्या. निपाणीतल्या एका जैन व्यापाऱ्याची ही मुलगी, लहानपणीच विधवा होऊन बापाच्या घरी परत आलेली. आई नव्हती, त्यामुळे घर तीच बघायची. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो. वडील स्वतः तंबाखूचे व्यापारी, आणि मी तर व्यापाऱ्यांनाच शिव्या छापल्या होत्या. आक्का त्या वेळी रस्त्यानं बस्तीकडे, म्हणजे जैनांच्या देवळाकडे, निघाल्या होत्या. पत्रक घेतलं, उभ्या राहून शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिव्हलंयस," त्या म्हणाल्या. "पर ह्या बाया त्याचं काय करणार ठाव हाय का? चुलीत घालणार. वाचायला येतंय कुणाला?"

शेजारी एक वयस्क बाई पत्रकाची घडी करून कमरेला खोचत होती. तिनं लगेच जोड दिली. "व्हय की. काय लिव्हलंय त्येच कळंना, मग घोषणा कशापायी द्यायची मी? उद्या तू माझ्याच नवऱ्याला शिव्या लिव्हशील आन् मी जिंदाबाद म्हणून ओरडायची!"

सगळ्या बायका हसल्या. मला राग आला, पण बाई खरं बोलत होती.

आक्कांनी नंतर सांगितलं की त्या स्वतः बायकांना शिकवतात. निपाणीत नाही, तिथं ते शक्यच नव्हतं. व्यापाऱ्याच्या विधवा मुलीनं वखारीतल्या बायका गोळा करून बसायचं म्हणजे गल्लीनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण चिकोडीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात त्यांची म्हातारी आत्या राहायची. दृष्टी गेलेली, एकटी. दर शनिवारी दुपारी आक्का वडलांच्या मोटारीतून आत्याकडे जायच्या, रात्री तिथं मुक्काम करायच्या आणि रविवारी सकाळी मोटार त्यांना परत आणायची. त्या खेड्याबाहेरच एक मोठी वखार होती. तिथल्या बायका दिवे लागल्यावर कामावरून सुटल्या की आत्याच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, येऊन बसायच्या. कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायच्या. आत्या म्हातारी भिंतीला टेकून बसायची आणि एखादीनं चुकून म्हटलं तर "पुन्यांदा म्हण" म्हणून ओरडायची. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू झकास यायचं.

मी त्या वर्गासाठी बेळगावहून पाट्या आणून दिल्या. वर्गात मात्र कधी बसलो नाही. माझ्यासारखा जवान गडी आला असता तर बायका आल्या नसत्या, एवढी अक्कल मला होती. मी सोप्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकायचो. ती पत्रक खोचणारी वयस्क बाई त्याच खेड्यातली, निपाणीची वखार सोडून आता गावाबाहेरच्या वखारीत लागलेली. अक्षर जुळवताना ती इतकी वैतागायची की आतून शिव्या ऐकू यायच्या. पुढे एका शनिवारी तिनं माझंच पत्रक हातात धरून पहिली ओळ बोट ठेवून वाचली. अडखळत वाचली, पण वाचली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "लई मोठी वाक्यं लिव्हतोस रं. दम लागतोय." माझ्या पत्रकाला तेवढा चांगला अभिप्राय आजवर कुणी दिलेला नाही.

आक्कांचं सगळं मन त्या वर्गात होतं. इतर दिवशी घरात भांडी, पूजा, वडलांचं जेवणखाण. शनिवार संध्याकाळ ही एकच वेळ त्यांची स्वतःची होती. त्यांना ती पुरत नव्हती. बायका म्हणायच्या, आठवड्यातनं एकदा म्हणजे पुढल्या शनवारपत्तर निम्मं इसरतंय. आक्कांना आठवड्यातून निदान तीनदा जायचं होतं.

अडचण मोटारीच्या दिव्यांची होती.

आप्पांची, म्हणजे आक्कांच्या वडलांची, मोटार जुनी होती, कापडी छपराची, बाजूला पायरी असलेली, पुढं पितळी काठाचे दोन मोठे दिवे. आप्पांनी ती ऐन उमेदीत विकत घेतली होती आणि त्यानंतर गाडीत काही नवीन बसवलं नव्हतं. इंजिन धडधाकट होतं. हातानं दांडा फिरवला की चालू व्हायचं. पण दिव्यांचं बटण मेलेलं. समोरच्या लाकडी फळीवर एक छोटी दांडी होती, ती फिरवली की आधी बारीक दिवे आणि मग मोठे दिवे लागायला हवेत. दांडी फिरायची, दिवे लागायचे नाहीत. त्यामुळे मोटार अंधाराच्या आत घरी यायलाच हवी. दुपारी आप्पा आपल्या कामाला मोटार घेऊन जायचे, ती मोकळी झाल्यावर आक्का निघायच्या, आत्याकडे पोचेपर्यंत उन्हं उतरायला लागायची. ड्रायव्हर त्यांना सोडून लगेच उलट फिरायचा.

आक्कांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. जैनांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात. तर आत्याकडे पोचायचं, उजेड असतानाच जेवायचं, दिवेलागणीला बायका आल्या की वर्ग घ्यायचा आणि मोटारीचे दिवे लावून घरी परत यायचं. मुक्कामाची गरज नाही. मग शनिवारच कशाला, मंगळवारी, गुरुवारीही जाता येईल.

"तू कॅम्पात तारांचंच काम करत हुतास न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "मग आमचं बटण करून दे की."

मला तर हे आवडलंच. जिथं पत्रक चालत नाही तिथं स्क्रूड्रायव्हर चालणार होता. दुसऱ्याच आठवड्यात मी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात हजर.

आप्पा सोप्याच्या पायरीवर बसले होते. डोक्याला रुमाल, हातात जपमाळ, तोंड मात्र तिखट. मला बघून म्हणाले, "या पुढारी. तुझं पत्रक वाचलं मी. शिव्या चांगल्या हाईत, कागद हलका हाय."

"कागद महागलाय आप्पा. वखारवाल्यांनी काहीतरी केलं असंल."

"आता कागदाचा दोष बी आमच्यावर?" ते हसले. मग आक्कांनी माझं येण्याचं कारण सांगितलं आणि त्यांचं हसू गेलं.

"असू दे की ते बटण. कशाला उगं?" आप्पा म्हणाले. "इतकी वर्सं बिनदिव्याची चालतीया गाडी. आन् रातीला दिवं लावून गाडी पळवायची म्हंजे किडंमुंग्या, पतंग, सगळं त्या काचंवर येऊन मरणार. पाप लागतंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आप्पा, पतंग मरत्यात ते दिसतंय तुम्हाला. वखारीत बाया खोकून खोकून मरत्यात, ते पाप कुणाच्या खात्यावर?"

आक्का मध्ये पडल्या. "आप्पा, करू द्या की त्याला. बेळगावास्नं आलाय एवढ्या लांबनं."

आप्पांनी एकदा आक्कांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "चहा घे आधी," म्हणाले. चहा झाला. "ऊन लई हाय, उतरू दे." ऊन उतरलं. "आज अमावस्या हाय." मी म्हटलं, लोखंडाला अमावस्या कळत नाही. तेव्हा ते हात झटकून "साकु, साकु" म्हणाले. कानडीत साकु म्हणजे पुरे. "कर बाबा तुझ्या मनासारखं," म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

मला त्या वेळी एकच वाटलं, हा म्हातारा चिक्कू आहे आणि त्याला मुलगी घराबाहेर जायला नको आहे. आक्कांनाही तेच वाटलं. तसं त्या माझ्याजवळ बोलल्याही.

मी आधी बॅटरीची तार सोडवली. हे न करता फळीमागे हात घातला की ठिणगी उडते, आणि जुन्या गाडीच्या तारांभोवतीचं कापड वाळल्या गवतासारखं पेटतं. मग फळीच्या मागून चार नट सोडवून बटण बाहेर काढलं. ड्रायव्हर, जो आप्पांच्याच वयाचा होता आणि त्या गाडीशिवाय ज्याला दुसरा देव माहीत नव्हता, तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "हळू रं, हळू," असं तो गाडीच्या वतीनं म्हणत होता.

बटण उघडलं आणि दोष लगेच दिसला. आत एक काळी चकती, तिच्यावर पितळेच्या बारीक घुंड्या, आणि दांडीबरोबर फिरणारी एक पितळी पट्टी. पट्टी घुंडीला टेकली की वीज पुढं जाते, एवढाच सगळा कारभार. पण त्या घरी दिवे कधी लावायचीच वेळ येत नव्हती. संध्याकाळच्या जेवणाला सगळे घरात, गाडी गोठ्याशेजारच्या छपराखाली. वर्षानुवर्षं दांडी कुणी फिरवलीच नाही. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की हिरवं चढतं, तसं त्या घुंड्यांवर हिरवं चढलं होतं. त्यात पावसाळ्याची ओल शिरून चकती फुगलेली, आणि पट्टी वाकून बसलेली. ती घुंडीपर्यंत पोचतच नव्हती.

कॅम्पात आमच्याकडे याच्या उलट बटणं यायची, वापरून वापरून झिजलेली. न वापरल्यानं मेलेलं बटण मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्यातल्या पत्रकवाल्याला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा आप्पा, उजेड वापरला न्हाय की असं हुतंय." आप्पा पाठमोरेच राहिले.

काचकागदानं मी एकेक घुंडी घासली. पितळ पिवळं दिसेपर्यंत. जास्त घासलं तर घुंडी खाली जाते आणि पट्टी पुन्हा टेकत नाही, म्हणून बोटाच्या टोकानं अंदाज घेत घेत. चकती उन्हात ठेवून सुकवली आणि फुगवटा तासला. जुनी पट्टी सरळ करायला गेलो तर टचकन मोडली. नवी मिळणार कुठून? आक्का आत गेल्या आणि एक मोडका पितळी चिमटा घेऊन आल्या. त्याच्या पात्याची पट्टी कापली, ठोकून ठोकून तिला ताठपणा आणला, जरा बाक दिला. शेजारच्या भांडीवाल्याच्या भट्टीवर हत्यार तापवून आणलं आणि तारेच्या टोकाला कथलाचा डाग दिला. एका तारेवरचं कापड उंदरानं खाल्लं होतं, तिथं सुती फडकं गुंडाळून वर मेण लावलं. मग सगळं परत जागच्या जागी बसवलं. बॅटरीची तार लावली.

"फिरवा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

त्यानं दांडी फिरवली. आतून टक् असा स्वच्छ आवाज आला. बारीक दिवे लागले. पुन्हा टक्. मोठे दिवे लागले.

संध्याकाळ होत आली होती. समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर दोन गोल उजेड पडले. ड्रायव्हरनं आनंदानं भोंगा वाजवला, एकदा नाही, वाजवतच राहिला. गल्ली गोळा झाली. बायका दारात, पोरं गाडीभोवती. आक्का हसत होत्या. मी त्यांना तसं मनापासून हसताना त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही बघितलं नाही.

भिंतीवर उजेड पडला ते समोरचं घर दुसऱ्या एका व्यापाऱ्याचं होतं. सगळे त्यांना काका म्हणायचे. बस्तीच्या कारभारात त्यांचा शब्द चालायचा. आणि आत्याच्या खेड्याबाहेरची ती वखार त्यांचीच होती. काका दारात आले, उजेडानं डोळे बारीक केले आणि फार गोड आवाजात आप्पांना म्हणाले, "वा! झालं का बटण? बरं झालं. आता पोरीला परक्या गावात मुक्काम करायला नको."

आप्पांनी नुसती मान हलवली.

मला त्या वाक्यात तेव्हा काहीच दिसलं नाही. मला वाटलं, आमच्याच मनातलं म्हणाला.

पुढच्या शनिवारी मी त्या खेड्यात गेलो तर आत्याच्या सोप्यात बायका बसलेल्या, आणि आक्का नाहीत. आत्या म्हणाली, "आलती की. बसली, चार शब्द बोलली, आन् गेली. दिस मावळायच्या आत घरी ये म्हणून सांगितलंय म्हणं."

मी रविवारी सकाळी निपाणी गाठली. आप्पा पायरीवर, आक्का चौकटीला टेकून उभ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

आप्पाच बोलले. "व्हायचं काय? काका बस्तीत चारचौघांत म्हणालं, इतकी वर्सं गाडीला दिवा न्हवता म्हणून पोरगी मुक्कामाला ऱ्हात हुती, कोण काय म्हणालं न्हाय. आता दिवा हाय. मग मुक्काम कशाला? म्हातारीला बघून यायचं तर बघून यावं. थोडा उशीर झालाच तर दिवा हाय की."

"मग तसंच करू की! वर्ग घेऊन दिवे लावून येऊ दे. त्यासाठीच तर केलं ना."

"अंधारात? ड्रायव्हरबरूबर? इधवा पोरगी?" आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं जसं कुणी मोठ्या आवाजात बोलणाऱ्या मुलाकडे बघावं. "थोडा उशीर म्हंजे थोडाच. वर्ग घेऊन येण्याइतका न्हाय. त्ये काकांनी बरूबर मोजून सांगितलंय."

मी तोंड उघडलं, पण ते थांबले नाहीत.

"बटण मोडलंय हे मला म्हाईत न्हवतं व्हय रं? एवढं एक बटण करून घ्यायला मला परवडत न्हवतं? निपाणीत मिस्त्री न्हाईत? मी मुद्दाम ठेवलं हुतं ते तसं. कोण इचारलं, पोरगी मुक्कामाला का ऱ्हाते, तर मी सांगायचो, काय करावं, मोटारीला दिवा न्हाय. एवढ्यावर भागत हुतं. काकांच्या वखारीतल्या बाया तिथं शिकायला येत्यात हे मला ठाव हुतं, काकांना बी ठाव हुतं. पर बोलायला त्यांच्या हातात काय न्हवतं."

आक्का सावकाश खाली बसल्या. त्यांनाही हे नवीन होतं. जो बाप आपल्याला अडवतो असं त्या समजत होत्या, तो इतके दिवस त्यांच्यासाठी गल्लीपुढं एक मोडकं बटण धरून बसला होता.

"आप्पा, मला का सांगितलं न्हाईसा?" त्या म्हणाल्या.

"सांगायचं असतं व्हय असलं? सांगितलं की ते मोडत न्हाय व्हय?"

"मला तरी सांगायचं," मी म्हणालो.

"तुला?" आप्पा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस."

त्यावर मला हसू आलं नाही. कारण काढलं असतं.

मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन पट्टी काढतो. दोन मिनिटांचं काम हाय. बटण परत पहिल्यासारखं."

"सगळ्या गल्लीनं उजेड बघितलाय. भोंगा वाजवून दाखवलाय तुम्ही. आता मोडलं तर मोडलं असं कोण म्हणंल? मोडवलं म्हणतील."

मग मी जे बोललो ते आजही मला चूक वाटत नाही. मी म्हणालो, असल्या पळवाटा कशाला हव्यात, उघड सांगा. माझी मुलगी बायकांना वाचायला शिकवते आणि ती मुक्काम करणार, कुणाच्या बापाला भीत नाही. बस्तीत उभं राहून सांगा. नाहीतर निदान तुमच्या काकांना सांगा, वखार दिवस असताना सोडा, म्हणजे वर्ग उजेडातच होईल. बायका दिवस मावळेपर्यंत राबतात हेच मुळात चुकीचं आहे, तुमच्याही वखारीत आणि त्यांच्याही.

आप्पांनी जपमाळ पायरीवर ठेवली.

"मला झाकून धरायला येतंय," ते म्हणाले. "उभं ऱ्हाऊन सांगायला येत न्हाय. ह्या वयात न्हाय यायचं. तू म्हणतोस त्ये खोटं न्हाय. पर मला येत न्हाय."

मी त्यांच्याशी भांडलो. भेकड म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. आक्कांनी मला थांबवलं नाही आणि माझी बाजूही घेतली नाही. त्या बापाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की माया ते मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, मग मी आत्याकडंच जाऊन ऱ्हाते. आप्पा म्हणाले, "जा की. मला भाकरी कोण घालणार ते तेवढं सांगून जा." ते चेष्टेनं म्हणाले, पण आवाज चेष्टेचा नव्हता. आक्का राहिल्या.

त्यानंतर त्या खेड्यात जात राहिल्या, शनिवारी दुपारी, आत्याला बघायला. बायका कामावरून सुटायच्या आत परत निघायचं. एखादी आजारी म्हणून घरी असली तर तिला त्या घाईनं दोन ओळी शिकवायच्या. बाकीच्या कधी भेटायच्याच नाहीत. बायकांनी आपापसात बसून वाचायचा प्रयत्न केला, पण चुकलेलं सांगणारं कुणी नव्हतं. म्हातारी आत्या तेवढी भिंतीला टेकून "पुन्यांदा म्हण" म्हणायची. तिलाही अक्षर येत नव्हतं.

एका शनिवारी मी आक्कांबरोबर परत निघालो. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, त्या मागे. सूर्य डोंगराच्या अजून हातभर वर होता. खेड्याबाहेरच्या वळणावर समोरून बायकांचा घोळका आला. त्या दिवशी वखार लवकर सुटली होती, का ते कळलं नाही. पदर, हात, पापण्या, सगळं तंबाखूच्या धुरळ्यानं पिवळं. मी ड्रायव्हरला म्हणालो, थांबव. त्यानं वेग कमी केला. घोळक्याच्या पुढं ती वयस्क बाई होती. तिनं मोटार ओळखली, तिचा चेहरा उजळला आणि तिनं तोंड उघडलं. मग तिनं मागं वळून बघितलं.

घोळक्याच्या मागून सायकल हातात धरून काकांचा मुनीम चालत येत होता.

बाई मोठ्यानं, मुनिमाला ऐकू जाईल अशा आवाजात बायकांना म्हणाली, "चला गं, मोटार काय बघताय? कधी बघितली न्हाय व्हय? भाकरी थापायच्या हाईत घरी." आणि मान खाली घालून आमच्या बाजूनं निघून गेली. बाकीच्याही तशाच गेल्या. कुणी वर बघितलं नाही. आक्कांना वाचवायला त्या आक्कांना ओळखत नव्हत्या.

आक्कांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "चला," म्हणाल्या.

मी उतरून मुनिमावर धावून जाणार होतो. त्याची सायकल ओढ्यात टाकायची माझी तयारी होती. मी तसं म्हणालोही. आक्का म्हणाल्या, "तू त्येला मारशील, बेळगावला जाशील. उद्या कामावर कोण जाणार हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा आप्पा पायरीवर होते. आत पाट मांडले होते.

"आत्या कशी हाय?"

"बरी हाय."

"दमलीस?"

"न्हाय. बसा, वाढते."

आक्का हातपाय धुऊन आत गेल्या. आप्पांनी मला जेवून जा म्हटलं. माझ्याशी इतकं भांडण होऊनही म्हटलं. मी नको म्हणालो. आतून भांड्यांचा आवाज आला, आप्पा उठून आत गेले, आणि मी सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागलो. अजून चांगला उजेड होता. वर्ग भरायची वेळ व्हायची होती.